आप्पांचा चोपन्न-पंचावन्नचा सीझन

कॅसल हिल
२ मार्च २०२५

प्रिय दादा,

फोन न करता ईमेल का लिहिते आहे ते तुझ्या लक्षात आलं असेलच. फॅमिली ग्रुपवर आप्पा आहेत, आणि फोनवर बोलावं तर ते शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करतात. एक्क्याण्णवाव्या वर्षी माणसाचे कान इतके चांगले असू नयेत.

मुद्द्याचं आधी लिहिते. नील बारावीला आहे, ऑक्टोबरमध्ये त्याची एचएससी. त्याला अभ्यासाला खोली हवी आणि ती खोली आप्पांकडे आहे. निहारिका मेलबर्नला गेल्यापासून तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे. आई गेल्यावर आप्पा पुण्याहून आले, तेव्हापासून ते माझ्याकडेच आहेत. तुझ्याकडे येतात ते ख्रिसमसला, तेही बॅग पुरती न उघडता. आता एप्रिलपासून त्यांना घेऊन जा.

त्यांचा त्रास काहीच नाही. स्वतःचा चहा स्वतः करतात, कपड्यांच्या घड्या घालतात, शैलेंद्रच्याही घालतात. त्रास एकच आणि तो तुला माहीत आहे. सीझन. काल शैलेंद्रच्या पॅरामॅटाच्या ऑफिसमधले दोघे जेवायला आले होते. कोशिंबीर वाढून होईपर्यंत आप्पा इंडियानात पोचले होते. 'नाइन्टीन फिफ्टी-फोर. हार्लन क्रीक कॉलेज. गावात दोन चर्च, एक न्हावी आणि एक बास्केटबॉलचं जिम. सहा फुटी हिंदू मुलगा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, इतका उंच आहे म्हणजे खेळत असणारच.' पाहुणे हसले. मग कोच झाला, थंडी झाली, पहिली मॅच झाली, दुसरी मॅच झाली. तिसऱ्या मॅचला शैलेंद्रने सगळ्यांना आइस्क्रीम खायला डेकवर नेलं. आप्पा टेबलाशीच बसून राहिले.

नील लहानपणी ऐकायचा. आता म्हणतो, 'आय नो, मम्. दे वॉन. गुड ऑन देम.'

तर कधी येतोस ते कळव. आणि जिन्याचं कारण सांगू नकोस, तुझं घर बैठं आहे.

मेधा

---

वॉलॉंगॉंग
९ मार्च २०२५

प्रिय मेधा,

तुझी ईमेल वाचून भरून आलं. आप्पांचं तू ज्या मायेने करतेस तसं मला या जन्मी जमणार नाही, आणि हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो.

जिन्याचं कारण मी सांगणार नव्हतोच. पण मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, आणि दोनच असल्यामुळे त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून जास्त धोक्याच्या. निहारिकाच्या खोलीत चित्रलेखाने पिलाटेसच्या व्यायामाचं यंत्र बसवलं आहे. ते हलवायला दोन माणसं लागतात आणि तिच्या मनाची तयारी लागते. माझं म्हणशील तर युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंटची पुनर्रचना चालू आहे, म्हणजे कुणाला काढायचं याच्या मीटिंगा. मी त्या सगळ्यांना जातो. न गेलेल्या माणसाचं नाव आधी निघतं.

शिवाय आप्पांना बोलायला माणसं लागतात. कॅसल हिलला ती आहेत. इथे आहे समुद्र.

सीझनबद्दल मात्र एक सांगू? लोकांना सांगावी अशी आपल्या घरात तेवढी एकच गोष्ट आहे. बाकी आपण सगळे फर्स्ट क्लासवाले. त्या काळी अमेरिकेत जाऊन, गोऱ्यांच्या कॉलेजच्या टीममध्ये खेळून, चॅम्पियन होऊन आलेला माणूस आणखी कुणाच्या घरात आहे? तुमच्या मंडळाच्या यतीनच्या कानावर घाल. तो सत्काराला माणसं शोधतच असतो. आप्पा मंडळात गुंतले की घरात कमी दिसतील, नीलचा अभ्यास होईल आणि खोलीचा प्रश्न आपोआप मिटेल.

विश्राम

---

कॅसल हिल
३० मार्च २०२५

प्रिय दादा,

तुझ्या पिलाटेसच्या यंत्राला माझा नमस्कार सांग.

यतीन येऊन गेला. आमचं मंडळ फुटून दोन झाली हे तुला माहीतच आहे. दुसऱ्या मंडळाने गणपतीत एका निवृत्त न्यायाधीशांचा सत्कार केला, तेव्हापासून याला चैन नव्हतं. 'अमेरिका', 'कॉलेज टीम' आणि 'पंचावन्न साल' एवढे तीन शब्द कानावर पडले आणि त्याने फोन काढून हॉल बुक केला. आप्पा तेव्हा दुसऱ्या मॅचवर होते. ते म्हणाले, 'अहो, पण सीझन संपला कसा ते ऐकून तर घ्या.' यतीन म्हणाला, 'काका, ते स्टेजवर. सरप्राइज राहू दे ना. तुम्ही फक्त बसा, बाकी सगळं आम्ही बघतो.'

सत्कार सतरा मेला. बॅनरवर 'अजिंक्यवीर त्र्यंबक सोहोनी' असं छापायचं ठरलं आहे, खाली होम लोनवाल्या स्पॉन्सरचा फोटो. मानपत्र मी लिहिणार. त्यात घालायला जुना टीम फोटो मिळावा म्हणून मी थेट हार्लन क्रीक कॉलेजला ईमेल पाठवली आहे. ते कॉलेज अजून आहे.

काय सांगू, आठवडाभर फोन वाजतो आहे. ज्या बायका सुपरमार्केटमध्ये मला बघून दुसऱ्या गल्लीत वळायच्या त्या आता थांबून आप्पांच्या तब्येतीची चौकशी करतात. नीलच्या शाळेतही कळलं आहे. त्याच्या युनिव्हर्सिटीच्या अर्जात कुठेतरी हे बसवता येईल असं शैलेंद्र म्हणतो.

खोलीचं तू मनावर घेऊ नकोस. नील लायब्ररीत जातो आहे. आप्पा माझ्याकडेच बरे आहेत.

मेधा

---

वॉलॉंगॉंग
२५ एप्रिल २०२५

प्रिय मेधा,

ईस्टरला दोन आठवडे आप्पांना माझ्याकडे दिलंस त्याबद्दल आभार. 'दिलं' हा शब्द तुझाच, फोनवर तू तोच वापरलास.

ते आले आणि मला चांगलीच गोष्ट सुचली. आमच्या युनिव्हर्सिटीच्या मीडियावाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी आप्पांच्या हातात बॉल देऊन फोटो काढला आणि दहा मिनिटं मुलाखत घेतली. 'इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचे वडील, अमेरिकन कॉलेज चॅम्पियन' असं वेबसाइटवर आलं आहे. परवा डीन लिफ्टमध्ये स्वतःहून माझ्याशी बोलला. नोकऱ्या जायच्या दिवसांत ही लहान गोष्ट नाही. पुढच्या महिन्यात तो आप्पांना लंचला बोलावणार आहे, त्यामुळे ते इथे राहायला असलेले बरे. पिलाटेसचं यंत्र मी गॅरेजमध्ये नेलं. एकट्याने नेलं. सत्कार झाला की आप्पांना कायमचं माझ्याकडे पाठव. शेवटी मी थोरला आहे.

एक गंमत. मंगळवारी मला मीटिंग होती. सिडनीहून येताना आमच्या अलीकडे लागणाऱ्या थिरूलला स्टेशनजवळ वृद्धांसाठी एक व्हिलेज आहे, तिथे सकाळचा चहा बाहेरच्यांनाही मिळतो. आप्पांना तिथे बसवलं आणि तासाभरात येतो म्हणून गेलो. थोडा उशीर झाला. परत आलो तर ते निघायला तयार नाहीत. पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेला कुणी क्लिफ नावाचा म्हातारा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला होता. मला म्हणाला, 'कम बॅक दिस आफ्टरनून, मेट. वुई आर ओन्ली अप टू जॅन्युअरी.' मी हसलो आणि आप्पांना गाडीत घातलं.

विश्राम

---

कॅसल हिल
४ मे २०२५

दादा,

ही ईमेल डिपार्टमेंटमध्ये उघडली असशील तर दार लाव.

कॉलेजचं उत्तर आलं. त्यांच्या संग्रहाचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, फार गोड लिहितात. म्हणतात, तुमची ईमेल आली आणि आम्ही ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. त्या टीममधला आता एकटा टिमच हयात आहे. टिम म्हणजे आपले आप्पा, त्र्यंबक त्यांना म्हणता येत नसे. चोपन्न-पंचावन्नचा सीझन हा कॉलेजचा सर्वांत लाडका सीझन आहे, दर फेब्रुवारीत त्या टीमच्या नावाने गावात जेवण असतं. इथवर वाचून मी शैलेंद्रला हाक मारली आणि पुढचं मोठ्याने वाचायला घेतलं. पुढे असं आहे की ती टीम त्या सीझनला एकही मॅच जिंकली नाही.

एकही नाही, दादा. पहिलीपासून शेवटपर्यंत सगळ्या हरले. मी तीनदा वाचलं. शैलेंद्र म्हणाला, मग जेवण कशाचं घालतात?

बॅनर छापून झाले आहेत. मानपत्रात 'अजिंक्य' तीनदा आहे आणि ते लॅमिनेट झालं आहे. आणि मी शहाणीने कॉलेजला लिहिताना यतीनलाही ईमेलमध्ये जोडलं होतं, त्यामुळे त्या बाईंनी सत्काराला लावायचा व्हिडिओ थेट त्याच्याकडे पाठवला आहे. यतीन तो आधी बघणार नाही. तो आधी काहीच बघत नाही.

सत्तर वर्षं आप्पांनी आपल्याला हातोहात बनवलं. त्यांच्याकडे बघून जेवण जात नाही. ते मात्र मजेत आहेत, सत्काराला कुठला कोट घालू म्हणून विचारत होते. ठरल्याप्रमाणे सत्कार झाला की ने त्यांना. तू थोरला आहेस, आणि यंत्र गॅरेजमध्ये गेलंच आहे.

मेधा

---

वॉलॉंगॉंग
६ मे २०२५

प्रिय मेधा,

यंत्र परत खोलीत आलं आहे. गॅरेजमध्ये दमटपणा फार.

वेबसाइटवरची बातमी काढून टाका म्हणून मी मीडियावाल्या बाईंना लिहिलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वडिलांना प्रसिद्धी आवडत नाही. डीनच्या लंचचं काय करायचं ते सुचत नाही.

आता एक गोष्ट जरा शांतपणे वाच. परवापासून मी आठवून बघतो आहे की आप्पा 'आम्ही जिंकलो' असं नेमकं कधी म्हणाले. मला एकही वेळ आठवत नाही. ते म्हणायचे, 'असा सीझन पुन्हा झाला नाही.' म्हणायचे, 'ते गाव अजून आमचं नाव काढतं.' जिंकलो हे आपण घातलं. एवढ्या आनंदाने सांगतात म्हणजे पहिला नंबरच असणार, आपल्या घरात दुसरं कशाचं कौतुक झालंय? आणि खरा शेवट आपल्याला कळणार कसा? मला तिसऱ्या मॅचच्या पुढचं काही माहीत नाही. तुला आहे का? पुण्याला असताना तिसरी मॅच सुरू झाली की आई पानं उचलायची.

त्यांना सरळ विचारावं असं मनात आलं. माझ्याच्याने व्हायचं नाही. तू विचार.

व्हिडिओचं म्हणशील तर यतीनला सांग, आवाज बंद करून लाव. साउंड सिस्टिम बिघडली म्हणावं. मराठी कार्यक्रमात कुणाला संशय येणार नाही.

मी सतरा तारखेला येऊ शकत नाही. मीटिंग आहे.

विश्राम

---

कॅसल हिल
१९ मे २०२५

दादा,

सतरा तारखेला शनिवार होता. शनिवारी कसली रे तुझी मीटिंग?

मी त्यांना विचारलं नाही. रोज विचारेन म्हणाले आणि रोज भाजी आणायला गेले.

सत्कार झाला. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, मग होम लोनवाल्याचं भाषण. त्याने आप्पांच्या जिद्दीवरून व्याजदरांवर येऊन दाखवलं. निवेदन करणारी मयूरा आप्पांना दर वाक्याला 'आपले लाडके अजिंक्यवीर' म्हणत होती. आप्पा तपकिरी कोटात ताठ बसले होते. मग व्हिडिओ. मी यतीनला आवाजाचं दोनदा सांगितलं होतं, पण तो मला म्हणाला, 'ताई, नो वरीज, या वेळी नवीन स्पीकर आणलेत.' सिडनीत इतकी वर्षं कार्यक्रम बघते आहे, आवाज एकदाही धड आला नव्हता. परवा शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख आला. त्या गोड बाई पडद्यावर हसून म्हणाल्या, 'टिम्स टीम डिड नॉट विन अ सिंगल गेम, अँड वुई लव्ह देम फॉर इट.'

पुढच्या रांगेत एका आजींनी विचारलं, 'काय म्हणाली?' त्यांच्या सुनेने सांगितलं, 'काही नाही, शुभेच्छा दिल्या.' दुसऱ्या मंडळाचे दोघं मागे बसले होते, त्यांना हसू आवरेना. आणि आप्पा, दादा, आप्पांचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं मान खाली घालतील. ते उठले, मयूराच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, 'बरोबर आहे. एकसुद्धा नाही. आता मी तुम्हाला शेवटच्या मॅचचं सांगतो.' तेवढ्यात यतीनने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, त्या शालीखालून माइक काढून घेतला आणि म्हणाला, 'बघा, या वयातही काकांची विनोदबुद्धी. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत.' टाळ्या झाल्या. मग दहा वर्षांखालच्या मुलींची लावणी.

गाडीत आप्पा एवढंच म्हणाले, 'पुढचं ऐकलंच नाही, तर टाळ्या कशाला वाजवल्या?' नील मागून म्हणाला, 'फेअर पॉइंट, आजोबा.' मला फार वाईट वाटत होतं. आणि खरं सांगू, यतीनने माइक काढून घेतला तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. त्याचं आणखी वाईट वाटतंय.

आज सकाळी त्यांनी स्वतःच बॅग भरली. विश्रामकडे जातो म्हणाले. उद्या सेंट्रलला वॉलॉंगॉंगच्या गाडीत बसवून देते. तू स्टेशनवर येणार आहेस असं ते म्हणाले. ये मात्र.

मेधा

---

वॉलॉंगॉंग
२५ मे २०२५

प्रिय मेधा,

कामाच्या गडबडीत लिहायला उशीर झाला. आप्पांनी ऐनवेळी इथे यायचं रद्द केलं ते एका दृष्टीने बरंच झालं. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला होता, 'मेधा आग्रह करते आहे, तिच्याकडेच थांबतो.' तुझं मन मोठं आहे. आप्पा खुशीत दिसतात, रोज सकाळी ग्रुपवर फुलाचा फोटो टाकून सुप्रभात म्हणतात. तुझ्या बागेतली बँक्सिया सुंदर आली आहे.

विश्राम

---

कॅसल हिल
२५ मे २०२५

दादा,

माझ्या बागेत बँक्सिया नाही. मी ती तुझ्या बागेतली समजत होते. मंगळवारी मी स्वतः त्यांना गाडीत बसवलं आहे.

ते फोन उचलत नाहीत. तू लगेच फोन कर.

मेधा

---

थिरूल
२७ मे २०२५

चि. विश्राम आणि चि. मेधा यांस,

अनेक आशीर्वाद. परवा तुम्हाला फोनवर सांगितलं ते सगळं नीट ऐकलं नसेल, दोघंही एकदम बोलत होता. म्हणून लिहून पाठवतो. एकच पत्र आहे, क्लिफच्या मुलीने त्याची कॉपी काढून दिली. मूळ प्रत कुणाला आणि कॉपी कुणाला यावरून भांडू नका.

मी इथल्या वृद्धांच्या व्हिलेजमध्ये एक लहान युनिट घेतलं आहे. पुण्याच्या फ्लॅटचे पैसे नुसते पडून होते. ईस्टरनंतर मी इथे फोन करून बोलून ठेवलं होतं, सत्कारानंतर नक्की केलं. दुपारचं जेवण मिळतं, बेचव असतं. नर्स असते. बाहेर बँक्सियाचं झाड आहे. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर दोघांनीही फार आग्रह केला असता, आणि मग पुन्हा एकमेकांना ईमेल लिहीत बसला असता. हो, मला माहीत आहे. मेधा, घरच्या आयपॅडवर तुझी ईमेल उघडीच असते. मी कधी आत जाऊन वाचलं नाही. पण बाहेर पहिल्या दोन ओळी दिसतात, आणि तुम्ही दोघंही मुद्द्याचं आधी लिहिता.

राग आला होता. आता नाही. सत्काराची शाल चांगली उबदार आहे, इथे वारा फार.

आता सीझन. घरी मी सांगायला लागलो की तुम्ही उठता. पत्र वाचतानाही माणूस उठू शकतो, पण ते मला दिसत नाही, म्हणून शेवटपर्यंत लिहितो.

आम्ही सगळ्या मॅचेस हरलो. मी बदली खेळाडू होतो. पुण्यात मी स्वतःला चांगला समजत असे, तिथे गेल्यावर कळलं की मी नुसता उंच आहे. आमचा कोच केमिस्ट्री शिकवायचा आणि बास्केटबॉल पुस्तकातून वाचून सांगायचा. तरी गाव दर मॅचला यायचं. गावचा न्हावी आमचे केस फुकट कापायचा, जिंकलात की त्या दिवसापासून पैसे घेईन म्हणायचा. आमच्यापैकी कुणी त्याला कधीच काही दिलं नाही.

शेवटची मॅच फेब्रुवारीत होती, आमच्याच जिममध्ये. दुपारपासून बर्फाचं वादळ. समोरची टीम बसने यायची होती. मॅचची वेळ झाली, बसचा पत्ता नाही. नियम असा की अमुक वेळ वाट पाहायची, नंतर जी टीम हजर ती विजयी. रेफरीने घड्याळ पाहिलं आणि कोचला म्हणाला, झाला वेळ, तुम्ही जिंकलात, कागदावर सही करा. सगळा सीझन ज्याच्यासाठी मार खाल्ला तो विजय समोर ठेवलेला. कोचने आमच्याकडे पाहिलं. आमचा कॅप्टन डेल नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता, फार बोलत नसे. तो म्हणाला, 'बट नोबडी प्लेड अस.' मी म्हटलं, आमच्या पुण्यात घेतला असता. सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

डेलने फावडं घेतलं. त्याच्यामागून आम्ही गेलो, आमच्यामागून प्रेक्षक गेले. सगळ्या गावाने बर्फ उपसून पुलापर्यंतचा रस्ता मोकळा केला. बस पुलाच्या पलीकडे रुतली होती, ती ढकलत आणली. माझ्याकडे हातमोजे नव्हते, न्हाव्याने आपला एक दिला. आम्ही एकेका हाताने ढकललं. समोरच्या पोरांना आधी सूप पाजलं, त्यांची बोटं शेकवली, मग खेळलो. त्यांनी आम्हाला सडकून हरवलं. शेवटची काही मिनिटं कोचने मला उतरवलं. मी बॉल टाकला, तो रिंगला लागून माझ्याच हातात परत आला. पुन्हा टाकला, तो भिंतीवर गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वडिलांना मी तार केली नाही, काय लिहायचं ते सुचलं नाही. पण परदेशात आपण परके आहोत हे त्या संध्याकाळनंतर मला कधी वाटलं नाही. गाव जेवण घालतं ते याचं.

तुम्ही दोघं गेले तीन महिने जे खेळत होता तेही मी पाहिलं. एकाने माघार घेतली की दुसऱ्याच्या घरी मी जमा. कधी दोघांनाही मी हवा, कधी दोघांनाही नको, आणि मला त्यात कुणी विचारत नव्हतं. तशा मॅचचा निकाल होऊन कुणाच्या तरी खोलीत राहायचं माझ्या मनात नाही. इथे क्लिफने मला पहिल्याच दिवशी विचारलं, 'अँड देन?' हा प्रश्न मला तुमची आई गेल्यापासून, आणि खरं म्हणजे तिच्या आधीपासूनही, कुणी विचारला नव्हता.

यावंसं वाटलं तर या. मंगळवारी आणि रविवारी चहा असतो. बाहेरच्यांनाही देतात.

आप्पा

---

वॉलॉंगॉंग
३ जून २०२५

प्रिय मेधा,

आप्पांचं पत्र मिळालं. मूळ प्रत माझ्याकडे आली आहे, म्हणजे काही नाही, सहज सांगितलं. मीटिंगच्या आधी वाचायला घेतलं होतं, रेफरीने घड्याळ पाहिलं तिथवर आलो आणि डीनने आत बोलावलं. पुनर्रचनेत मी तूर्त वाचलो आहे. पत्र डिपार्टमेंटमध्ये राहिलं आणि आता चित्रलेखा सारखी विचारते आहे, तर एका ओळीत कळव, बस आली का?

आणि लोकांना काय सांगायचं ते आपण एकदा ठरवून घेऊ. व्हिलेज म्हटलं की माणसं आपल्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. मी इथे 'सिडनीला असतात' असं सांगतो आहे.

विश्राम

---

कॅसल हिल
३ जून २०२५

दादा,

मी इथे 'वॉलॉंगॉंगकडे असतात' असं सांगते. लोक मान डोलावतात, मुलाकडे गेले म्हणतात. मला लाज वाटते आणि तरी मी दुरुस्त करत नाही. यतीनला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, 'ताई, त्या व्हिलेजमध्ये आणखी कुणी सत्कार करण्यासारखं आहे का?'

नीलला खोली मिळाली. तो अजून लायब्ररीतच जातो.

रविवारी मी थिरूलला गेले होते. पत्र मी वाचलं होतं, शेवट मला माहीत होता, तरी गेले. चहाच्या हॉलमध्ये आप्पांभोवती सात-आठ जण बसले होते. दोघं झोपले होते, पण बाकीचे ऐकत होते. मला मागे खुर्ची मिळाली. आप्पांनी मला पाहिलं, मान हलवली आणि बोलायचे थांबले नाहीत. चौथी मॅच चालू होती. त्या मॅचला आमच्या टीमची एकच बास्केट झाली आणि तीही समोरच्यांच्या चुकीने, हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं. पाचवीला डेलचा दात पडला. मी सहावीपर्यंत बसले, ट्रेन चुकली, पुढची तासाने होती, म्हणून सातवीही ऐकली. निघताना त्यांनी मला थांब म्हटलं नाही. पुढच्या रविवारी जानेवारी लागेल, एवढं सांगितलं.

बस आली का ते मी तुला सांगणार नाही. तू तिथून गाडीने पंधरा मिनिटांवर राहतोस. जा आणि त्यांना विचार.

मेधा